सतरा एकांचा आकडा

इतर वर्गांत फळ्याच्या वर ‘सत्य बोला’, ‘श्रम हीच पूजा’ असं काहीबाही लिहिलेलं असायचं. आमच्या वर्गात तिथे पांढऱ्या ऑइलपेंटने ओळीने सतरा एक काढलेले होते. आमच्या गणिताच्या सरांनी स्वतः स्टुलावर चढून ते रंगवले होते. भिंत संपत आली म्हणून शेवटचे तीन-चार एक जरा दाटीवाटीने उभे होते, जीपच्या मागच्या बाकावर बसतात तसे.

सरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. हा आकडा फुटावा. म्हणजे एखाद्या लहान आकड्याने त्याला पूर्ण भाग जावा, बाकी काही उरू नये; आणि तो भाग तळासरीच्या पोरांनी हाताने, कागदावर लावलेला असावा. फुटेल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं आणि कुठल्या पुस्तकात बघायचीही त्यांची तयारी नव्हती. “फुटला तर आपल्या हातून फुटेल,” ते म्हणायचे, “नाहीतर मी मरेपर्यंत उभा राहील. त्याची मर्जी.”

हाच आकडा का, याची गोष्ट ते दर वर्षी नव्या तुकडीला सांगत. नोकरीला लागले त्या वर्षी ते एका पाड्यावर मुलं गोळा करायला गेले होते. एका झोपडीच्या दारात एक लहान मूल पाटीवर एक काढत बसलं होतं. त्याला तेवढंच येत होतं. पाटीची कड येईपर्यंत त्याने एक काढले. सरांनी मोजले, सतरा निघाले. “मी म्हटलं, अरे, हा केवढा मोठा आकडा काढलास तू! ह्याला कितीने भाग जातो? ते माझ्याकडे बघून हसलं आणि पाटी पुसून टाकली. आता मला उत्तर काढणं भाग होतं की नाही?”

सर तो आकडा आम्हाला जुन्या पद्धतीने वाचायला लावत. एक मध्य, एक अंत्य, एक जलधी, एक शंकू, एक महापद्म, असं उतरत उतरत दशं, एकंपर्यंत. सर रोज डहाणूजवळच्या आगरहून एसटीने यायचे, समुद्राकाठचे, त्यामुळे ‘जलधी’ म्हणताना त्यांचा आवाज उगाच चढायचा. आम्हीही तिथे आवाज चढवायचो. शेजारच्या वर्गातले शिक्षक दार लावून घ्यायचे.

सरांचा हिशेब असा होता, की हा आकडा कुणी फोडलाच तर तो भाजक चौतीसच्या पाढ्याच्या एक पुढचा असणार. एकशे दोन नव्हे, एकशे तीन. एकशे छत्तीस नव्हे, एकशे सदतीस. असं का, हे विचारलं की म्हणायचे, “कॉलेजात गेलात की कळेल. नाही गेलात तर माझ्याकडे या, मी सांगेन.” त्यातलेही जे आकडे स्वतःच फुटतात ते सर उन्हाळ्याच्या सुट्टीत गाळून टाकत आणि जूनमध्ये उरलेले आम्हाला वाटत. प्रत्येकाला आपला एक भाजक. तो झाला की दुसरा. ह्या भानगडीत तळासरी तालुक्यात चौतीसचा पाढा तोंडपाठ असलेली माणसं जितकी झाली तितकी दुसरीकडे कुठे नसतील.

शनिवारी शेवटच्या तासाला हजेरी घेतल्यासारखं चालायचं. एकेकाने उभं राहायचं, आपला भाजक सांगायचा, बाकी सांगायची. सगळा वर्ग ओरडायचा, “गेला!”, म्हणजे तो भाजक बाद, आणि सर म्हणायचे, “पुढचा.”

ते कधीही कुणाचा भागाकार तपासत नसत. कागद हातातसुद्धा घेत नसत. “तुझा भाजक, तुझी बाकी. घरी ने,” एवढंच. कुठे लिहून ठेवणं नाही, यादी नाही. आपण कुठपर्यंत आलो तो शेवटचा आकडा फक्त त्यांच्या डोक्यात. सोबतचे शिक्षक हसायचे. “सर, अर्धी पोरं थापा मारत असतील.” सर शांतपणे म्हणायचे, “मारत असतील. पण आयुष्यात एक तरी माणूस असा पाहिजे, जो आपला कागद बघायला मागत नाही.”

थापा मारणारे होतेच. एका मुलाने एकदा भाजकापेक्षा मोठी बाकी सांगितली. सर खिडकीबाहेर बघत होते, तसेच बघत राहिले. “टोपापेक्षा भात मोठा कसा झाला रे?” वर्ग इतका हसला की त्या मुलाने सोमवारी खरा भागाकार करून आणला आणि न सांगता उभा राहिला.

तळासरीत आणि कासाला त्यांचे जुने विद्यार्थी पसरलेले होते, आणि सरांना त्यांची नावं आठवत नसत, बाक्या आठवत. सगळ्यात पहिल्या तुकडीतल्या मुलीला एकशे तीन मिळाला होता, बाकी सत्तावन्न. ती आता अच्छाडला नाक्याजवळ ट्रकवाल्यांसाठी चहाचं दुकान चालवते. सर तिथे उतरले की हाक मारत, “काय सत्तावन्न, साखर कमी.” तिच्या पाठोपाठच्या मुलाला एकशे सदतीस आला होता. त्याची बाकी उरली एक. फक्त एक. तो पुढे कासा-तळासरी जीप चालवू लागला आणि स्टँडवर त्याचं नावच ‘बाकीएक’ पडलं. पन्नाशी आली तरी त्याच्या मनातून ते गेलं नव्हतं.

“एकाने हुकला, सर. नुसत्या एकाने.”

“एकाने हुकला काय, लाखाने हुकला काय, सारखंच.”

“तुम्हाला सारखं. मला रोज गिअर टाकताना आठवतो.”

एकदा तपासणीला एक साहेब आले होते. त्यांनी फळ्याच्या वरचे सतरा एक पाहिले आणि विचारलं, हे कुठल्या इयत्तेच्या पुस्तकात आहे? सर म्हणाले, कुठल्याच नाही. मग कशासाठी? सरांनी एक कोरा कागद आणि एक भाजक त्यांच्यापुढे ठेवला. साहेबांनी आधी पेन खाली ठेवलं, मग उचललं. हेडसरांनी मागवलेला चहा साय धरून बसला. जेवणाच्या सुट्टीत सगळे शिक्षक व्हरांड्यात उभे आणि साहेब आत घाम पुसत भागाकार करताहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जाताना गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली आणि आपली बाकी ओरडून सांगितली. आम्ही पटांगणातून ओरडलो, “गेला!” त्यांच्या अहवालात काय लिहिलं होतं ते कुणाला कळलं नाही, पण आकडा भिंतीवर राहिला.

माझं सरांशी फारसं पटत नसे. माझे बाबा संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात पाहुणा आला तर त्याला बसायला पत्रकांच्या गठ्ठ्यांशिवाय जागा नसायची. मी अक्षरं पत्रकांवरूनच गिरवली. ‘जमीन’ हा शब्द मला ‘आई’च्या आधी लिहिता आला असं घरात सांगतात. त्यामुळे नववीत मी भर वर्गात उभी राहून विचारलं, “सर, पाड्यावर प्यायला पाणी नाही आणि आपण एकाला एक जोडून त्याला भागत बसलोय. ह्याचा उपयोग काय?”

“उपयोग काहीच नाही,” सर म्हणाले. “म्हणून तर कुणी तो तुमच्याकडून काढून घेणार नाही.”

मी खाली बसले. उत्तर मला पटलं नव्हतं, पण बाबांना संध्याकाळी सांगितलं तेव्हा त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

सर आमची पत्रकं मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. एकदा माझ्या हातातलं घेऊन म्हणाले, “‘लाखोंच्या संख्येने सामील व्हा.’ लाखो म्हणजे निदान दोन लाख. तालुक्यात माणसं किती, त्यातली लहान पोरं किती? बाबांना सांग, येतील तेवढेच बोलवा.” पण मोर्चाच्या दिवशी उन्हात छत्री उघडून ते स्वतः आले, हायवेवरून चारोटीपर्यंत चालले, आणि शेवटी बाबांना गाठून हळूच एक आकडा सांगितला. पत्रकातल्यापेक्षा फारच कमी होता तो.

“सर, मोर्चा मोजायचा नसतो,” बाबा वैतागून म्हणाले.

“मग काय करायचं असतं?”

“चालायचं असतं.”

“मी दोन्ही केलं.”

आम्ही दहावीत असताना विज्ञानाला नवे सर आले. तरुण, हुशार, खिशात चांगला मोबाईल. त्यांनी पहिल्याच आठवड्यात भिंतीकडे बोट केलं. “सर, कशाला पोरांना दमवता? द्या इकडे, दोन सेकंदांत सांगतो फुटतो की नाही.”

सरांनी त्यांचा हात धरला. जोरात नाही, पण धरला. “मोबाईल तळासरीचा आहे का?”

“सर, मोबाईल कुठलाही असला तरी उत्तर तेच येणार.”

“उत्तर तेच. पण मग ते आमचं नाही.”

त्या शनिवारी त्यांनी आमच्याकडून शब्द घेतला की कुणी बाहेर विचारणार नाही, कुठे शोधणार नाही. विज्ञानाच्या सरांनीही दिला, हसत हसत, पण दिला. आणि आजच्या दिवसांत, जेव्हा प्रत्येकाच्या हातात जगातली सगळी उत्तरं असतात, तेव्हा एका तालुक्याने एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसासाठी तो शब्द पाळला. निदान त्यांच्यासमोर कुणी मोडला नाही.

आता जयवंतीविषयी सांगायला हवं. ती उधव्याकडच्या एका पाड्यावरची. वसतिगृहात तिची गादी माझ्या गादीला लागून होती. बोलायची कमी. परीक्षेत मात्र तिचं सगळं बरोबर यायचं, आणि हेच तिच्या अंगाशी आलं. भाषेचे एक शिक्षक होते, त्यांनी तिचा पेपर सगळ्या वर्गाला दाखवत विचारलं, “एवढं बरोबर? कुणाचं बघून लिहिलंस?” ती काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे कबुली, असं त्यांनीच ठरवलं, आणि तिला तासभर दाराबाहेर उभं केलं. तेच उत्तर डहाणूतल्या एखाद्या साहेबाच्या मुलीने लिहिलं असतं तर त्यांनी तिची पाठ थोपटली असती. हे मी रागाने लिहितेय असं कुणाला वाटलं तर बरोबरच वाटतंय.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिला भाजक मिळाला: वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.

शनिवारी ती उभी राहिली. भाजक सांगितला आणि थांबली. सर नेहमीसारखे खिडकीबाहेर बघत होते. “बाकी,” ती म्हणाली आणि पुन्हा थांबली. मग घाईघाईने म्हणाली, “बारा हजार चारशे सात.”

“गेला!” आम्ही ओरडलो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, ती माझी मैत्रीण होती म्हणून.

“पुढचा,” सर म्हणाले.

पुढच्या तुकड्या आल्या, त्यांना पुढचे भाजक मिळाले. सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना शाल दिली तेव्हा ते म्हणाले, “आकडा अजून उभा आहे. मी जातोय, तो नाही.” सगळे हसले. निवृत्तीनंतर आगरला घराच्या ओट्यावर ते कोळ्यांच्या मुलांची शिकवणी घेऊ लागले आणि त्यांनाही भाजक देऊ लागले.

मधे बरीच वर्षं गेली. मी लिहू लागले; जयवंती नर्स झाली, कासाला. मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता एका दुपारी आम्ही दोघी ‘बाकीएक’च्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून तळासरीला येत होतो. तो सांगत होता, “सर थकले आता. हात थरथरतो. पण परवा गेलो तर म्हणतात, आगरच्या पोरांनी ह्या महिन्यात बरेच भाजक उडवले. काय माणूस आहे!”

जयवंती बाहेर बघत होती. चारोटी मागे पडल्यावर ती एकदम म्हणाली, “माझी बाकी शून्य आली होती.”

मला आधी कळलंच नाही ती कशाविषयी बोलतेय.

“दहावीत. सरांच्या आकड्याला. माझी बाकी शून्य आली होती.”

‘बाकीएक’ने जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंदच केली. मागून बायका ओरडल्या, “अरे, काय झाला? आम्हाला घरी जायचाय ना!” त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

“शून्य? म्हणजे फुटला? आणि तू बोलली नाहीस?”

“चारदा केला होता भागाकार,” ती म्हणाली. “चारही वेळा शून्य आलं.”

“मग?” मी विचारलं.

“मला वाटलं, चारही वेळा चुकलं.”



ती थांबत थांबत सांगत राहिली. तीस वर्षं सगळ्यांची बाकी उरत होती. शून्य म्हटलं असतं तर सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघणार. आधीच दाराबाहेर उभी राहून झाली होती. पुन्हा कुणी विचारलं असतं, कुणाचं बघून काढलंस? तेव्हा तिने तोंडाला आला तो आकडा सांगितला. पुढे नर्सिंगला गेल्यावर तिने पुन्हा करून पाहिला, शून्यच आलं. तोपर्यंत सर खूप पुढे निघून गेले होते. प्रत्येक वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं.

“उद्याच आगरला जायचं,” ‘बाकीएक’ म्हणाला. “मी नेतो. आणि तू सांगायचंस, जयवंती. दुसरं कुणी नाही.”

सर ओट्यावर बसले होते. आम्ही गेलो तेव्हा मुलं नुकतीच गेली होती. फरशीवर खडूने केलेले भागाकार तसेच होते. घरात त्यांची मोठी बहीण, आक्का. सरांनी लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ आकड्याची तक्रार करायच्या. “मुली सांगून येत होत्या. हा म्हणे, आधी हा फुटू दे. आता दोघंही तसेच बसलेत, हा आणि तो.”

जयवंती बसली नाही. उभी राहूनच तिने सगळं सांगितलं. भाजक, शून्य, मग बारा हजार चारशे सात, आणि दारातला तो तास. सरांनी मधे एकदाही थांबवलं नाही. तिचं झाल्यावर म्हणाले, “पण मी कधी तुला विचारलं असतं का, कुणाचं बघून काढलंस म्हणून? मी तर कुणाचा कागदही बघितला नाही.”

“तेच तर, सर,” जयवंती म्हणाली. “तुम्ही बघितला असता तर बरं झालं असतं.”

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, तिच्यावरच तिने बोट ठेवलं होतं, आणि तिला तसं ठेवायचंही नव्हतं. त्यांना वाटत आलं होतं की न तपासणं म्हणजे मान देणं. कित्येकांना तो मान वाटलाही. पण जिला आयुष्यभर सगळ्यांनी चूकच ठरवलं होतं, तिला कुणीतरी कागद हातात घेऊन ‘बरोबर आहे’ म्हणायला हवं होतं.

“आण खडू,” सर म्हणाले. “आजवर कुणाचं तपासलं नाही. तुझं तपासतो.”

ते फरशीवर वाकले. हात खरंच थरथरत होता. सतरा एक लिहायलाच त्यांना वेळ लागला. आक्का चहा घेऊन आल्या आणि कप हातातच धरून उभ्या राहिल्या. एकेक पायरी उतरत गेली. पाच, तीन, सहा, तीन. मग लागोपाठ तीन दोन. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. शेवटची वजाबाकी केली आणि सरांनी मान वर केली.

“दहा लाख,” ते म्हणाले. “बाकी दहा लाख उरते. नाही गं फुटत. उभा आहे अजून.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं हे दिसत होतं. वाया काहीच गेलं नव्हतं. नंतरची सगळी वर्षं जागेवर होती. मी जयवंतीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, राहू दे. मी जन्मभर लोकांना खरं बोला म्हणून पत्रकं वाटली, पण माझ्या मनात त्या क्षणी एवढंच होतं: राहू दे, काही बोलू नकोस.

‘बाकीएक’ही पुटपुटला, “चला, सर म्हणतात तर…”

जयवंती फरशीजवळ उकिडवी बसली.

“नाही, सर. तुमचं चुकलंय.”

“कुठे?”

“तिसऱ्या दोनाची वजाबाकी बघा. हातचा घेतलात तो सोडून दिलात. सात लाख एकोणचाळीस हजार पाहिजे, तुम्ही सात लाख चाळीस हजार लिहिलंय. एक हजार जास्त उरले, तेच खाली येता येता दहा लाख झालेत. आणि सर, इतकी गोल बाकी आपल्या वर्गात कधी कुणाची आली होती का?”

सरांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग तळहाताने तेवढाच भाग पुसला आणि तिथून पुन्हा केला. शेवटच्या पायरीला वरचा आणि खालचा आकडा सारखाच आला, आणि त्यांनी खाली रेघ मारून शून्य काढलं. ते शून्य काढताना हात थरथरला नाही असं मला वाटलं. कदाचित मला तसं वाटून घ्यायचं असेल.

“फुटला,” आक्का म्हणाल्या. “फुटला ना रे? मग आता काय करणार तू?”

सर भागाकाराकडे बघत होते. आकड्याचे दोन तुकडे झाले होते, एक जयवंतीचा आणि एक हा दहा आकडी, वर आलेला. “हा काही पुढे फुटायचा नाही,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “ह्याचं वर्गमूळ त्र्याहत्तर हजारांच्या आसपास येईल. फुटलाच तर त्याच्या आतल्या भाजकाने, आणि तिथपर्यंतचे सगळे पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या पोरांनीच उडवलेत.” त्यांनी ‘बाकीएक’कडे पाहिलं. “तू पण होतास त्यात. तुमच्यामुळेच आज खात्रीने सांगता येतं, हा अखंड आहे.”

‘बाकीएक’ने रुमाल काढून तोंड पुसलं. आपल्या एका बाकीचा असा काही उपयोग असेल हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग सरांचा चेहरा पडला. “म्हणजे हिच्या आधीच्या सगळ्यांचं काम कामी आलं. पण हिच्या नंतरच्यांचं?”

उत्तर त्यांना माहीत होतं. जयवंतीच्या पुढे शोधण्यासारखं काही नव्हतंच.

“मी वर्षानुवर्षं पोरांना रिकाम्या शेतात पाठवत होतो,” सर म्हणाले. “परवापर्यंत. कालपर्यंत.”

“माझ्यामुळे, सर,” जयवंती म्हणाली.

“तुझ्यामुळे नाही. तू फोडलास. तुझ्या हातात काही कमी नव्हतं.” ते थांबले. “पण त्या पोरांना सांगायला पाहिजे. त्यांना वाटत असेल, अजून चालू आहे. मी त्यांना खोट्यात ठेवू शकत नाही.”

अडचण अशी होती की सरांकडे कुणाचं नाव नव्हतं. कागद घरोघरी गेले होते आणि बाक्या त्यांच्या डोक्यात होत्या, पण नंतरच्या वर्षांच्या बाक्या आता त्यांना आठवेनाशा झाल्या होत्या. तरी दुसऱ्या आठवड्यापासून ते निघाले. ‘बाकीएक’च्या जीपमध्ये बसून तळासरीच्या बाजारात उतरायचे, छत्री टेकत, कुणी तरुण दिसला की विचारायचे, तू माझ्याकडे होतास का? भाजक कुठला होता? बहुतेकांना स्वतःचा भाजक आठवत होता. सर त्यांना रस्त्यात उभं करून सगळं समजावून सांगायचे. कुणी हसायचे, कुणी पाया पडायचे, कुणी म्हणायचे, “सर, तुम्ही कशाला आलात उन्हात, जाऊ द्या ना.” सर म्हणायचे, “जाऊ कसं देऊ?”

थोड्याच जणांपर्यंत ते पोचले. थंडी सुरू झाली तसा त्यांना दम लागू लागला. आक्कांनी बाहेर सोडणं बंद केलं. माघात ते गेले.

मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली. त्यांत जमीन मागितली, पाणी मागितलं, लाखोंच्या संख्येने बोलावलं. हे एक कुणाकडे काही मागण्यासाठी नाही. तळासरीच्या शाळेत किंवा आगरच्या ओट्यावर ज्यांना वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसच्या पुढचा भाजक मिळाला होता, त्यांच्यासाठी हे आहे. आकडा तुमच्या आधीच फुटला होता. जयवंतीने फोडला. तुम्ही केलेला भागाकार खरा होता, तुमची बाकी खरी होती. हे तुम्हाला सांगायला सर स्वतः येणार होते.